दुखण्याची गोळी आणि पोटातला अल्सर

गिरगावच्या चाळीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आजीचे गुडघे जिने चढून-उतरून दुखू लागले की कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून डायक्लोफेनॅकची नाहीतर आयब्युप्रोफेनची पट्टी येते. घरचे बजावतात, “रिकाम्या पोटी घेऊ नका हं.” एवढ्याने जळजळ कमी होईलही, पण अल्सर टळत नाही.

जठरातलं आम्ल जहाल असतं. तरी जठराची भिंत शाबूत राहते, कारण तिच्यावर बुळबुळीत थर असतो, त्यात आम्लाचा जोर मोडणारं बायकार्बोनेट असतं आणि भिंतीला भरपूर रक्त मिळतं. हे सगळं प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सांभाळतात. सुजलेल्या सांध्यात दुखणं वाढवणारी द्रव्यंही याच कुळातली. ॲस्पिरिनसारखी औषधं ती तयार होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. १९८२ च्या नोबेल पुरस्काराचे ते एक मानकरी ठरले.

गोळी रक्तात मिसळली की गुडघ्याबरोबर जठरातलीही प्रोस्टाग्लँडिन घटतात. थर पातळ होतो, आम्ल भिंतीला भिडतं आणि जखम होते. म्हणून इंजेक्शन घेतलं तरी धोका राहतोच.

त्यातच ॲस्पिरिन रक्त गोठू देत नाही, आणि वेदनाशामकामुळे पोटातलं दुखणंही दबू शकतं. वयस्कर माणसात कधी कधी रक्तस्राव हीच पहिली खूण असते. शौचाला काळं, चिकट, घाण वासाचं होणं, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, चक्कर, घाम यांपैकी काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. परळच्या केईएमसारख्या मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग तातडीने गाठा. एंडोस्कोपीत जखम दिसते आणि बहुतेकदा रक्तही तिथेच थांबवता येतं.

साठीपुढचं वय, पूर्वीचा अल्सर, स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणारी औषधं यांतलं काही असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. ते पॅरासिटामॉल सुचवतील, किंवा सोबत पँटोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी देतील. गोळ्या दीर्घकाळ घ्यायच्या असतील तर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणीही विचारा. हृदयासाठी दिलेलं ॲस्पिरिन मात्र स्वतःहून बंद करू नका.

आणि पट्टीवरचं मूळ औषधाचं नाव वाचा. वेगवेगळ्या नावांच्या दोन गोळ्यांत एकच वेदनाशामक असू शकतं, आणि धोका मात्रेबरोबर वाढतो.