रोख्यामागचा हिशेब

१२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्याच्या भीमथडी तालुक्यातील सुपे या गावी, भर बाजाराच्या दिवशी कुणब्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली, आणि त्यानंतर पुणे व नगर जिल्ह्यांच्या गावोगावी जे दंगे उसळले त्यांत शेकडो लोक पकडले गेले, तरी रक्तपात मात्र फारसा झाला नाही. जमावाला हवे होते ते कागद. ज्या सावकाराने आपले रोखे, खतावण्या आणि न्यायालयाचे हुकूमनामे मुकाट्याने काढून दिले, त्याच्या अंगाला सहसा कोणी बोट लावले नाही. ज्याने नाकारले, त्याला मात्र दंग्याची झळ सोसावी लागली. दंगा जो करतो तो सहसा असा नेमका नसतो, म्हणून त्या कागदांत काय होते हे पाहणे अगत्याचे आहे.

ठिणगी पडली होती ती आदल्या डिसेंबरात, शिरूर तालुक्यातील कर्डे या गावी. एका सावकाराने सुमारे दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्याखाली गावच्या एका प्रतिष्ठित देशमुखाचे घर लिलावात घेतले आणि ते पाडावयास काढले, तेव्हा गावकऱ्यांनी सावकारांवर बहिष्कार घातला. न्हावी, परीट, पाणक्या, कोणीही त्यांच्या दारी जाईना.

या वसुलीला बळ दिले होते ते सरकारच्या एका सद्भावी कायद्याने. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली, ती ऋणकोच्या हितासाठी. परंतु सावकाराने तीन वर्षे भरत आली की मुद्दल आणि थकलेले व्याज यांची बेरीज करून तिचा नवा रोखा लिहून घेण्याचा परिपाठ पाडला. समजा, रोखा शंभर रुपयांचा आणि व्याज दरमहा दर शेकडा दोन रुपये. तीन वर्षांनी नव्या रोख्यावर १७२ चा आकडा चढतो, सहाव्या वर्षी २९६ च्या जवळपास, आणि नवव्या वर्षाअखेर पाचशेच्याही पुढे जातो, घरात मूळ शंभरांखेरीज एक पैही आलेली नसताना. व्याजाने मुद्दलावर जाऊ नये हा आपल्या धर्मशास्त्रातील दामदुपटीचा नियम न्यायालये मानीत होती. पण व्याजालाच मुद्दलाचे नाव मिळाल्यावर तो नियम बिचारा कोणाला आवरणार? निरक्षर कुणब्याने अंगठा उठवावा, समन्स निघाले तरी तालुक्याच्या न्यायालयात हजर होऊ नये, दावा एकतर्फी निकालात निघावा, आणि मग दरखास्त, जप्ती, लिलाव व प्रसंगी दिवाणी तुरुंग, असा हा क्रम होता. त्यातच अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेला कापसाचा भाव युद्ध संपताच कोसळला आणि १८६७ पासून सुरू झालेल्या फेरपाहणीने सारा वाढला. दंग्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाने मुख्य ठपका सारावाढीवर ठेवण्याचे टाळले. आयोगाचाच सदस्य ऑकलंड कॉल्विन याने मात्र निराळे मत नोंदविले, आणि मला तेच अधिक ग्राह्य वाटते.

१८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. शेतकरी ऋणकोची तुरुंगवारी त्याने बंद केली, स्पष्ट गहाण नसलेली जमीन साध्या कर्जापायी विकण्यास मनाई केली, हप्ते बांधून देण्याचा अधिकार न्यायाधीशाला दिला आणि दाव्याच्या मुदती वाढविल्या. परंतु त्याचे खरे मर्म निराळेच होते. रोख्यावर लिहिलेला आकडा अंतिम न मानता, त्या आकड्यामागे जाऊन, पहिल्या देण्यापासूनचा सारा हिशेब न्यायालयाने उलगडावा, असे त्याने फर्माविले. करार म्हणजे करार, या तत्त्वाला प्रमाण मानणाऱ्या त्या काळात ही गोष्ट धाडसाची होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी विशेष न्यायाधीश म्हणून या कायद्याच्या अंमलावर काही वर्षे देखरेख केली.

सावकारही स्वस्थ बसला नाही. गहाणाचा हिशेब तपासला जातो, तर गहाण नकोच. कर्ज देतानाच खरेदीखत करून घ्यावे आणि पैसे फिटल्यावर जमीन परत करण्याचे वचन तोंडी द्यावे. तेव्हा कायद्यात १०-अ हे कलम घालावे लागले, आणि खरेदीखत हे वस्तुतः गहाणच आहे असे तोंडी पुराव्याने शाबीत करण्याची मुभा मिळाली. पुढचा सारा इतिहास थोडाफार याच पाठशिवणीचा आहे: १९३९ आणि १९४७ चे मुंबई प्रांताचे शेतकरी कर्जनिवारण कायदे, सावकाराला परवाना व हिशेबाचे उतारे सक्तीचे करणारा १९४६ चा कायदा, आणि आणीबाणीच्या काळातील छोट्या शेतकऱ्यांची व मजुरांची कर्जे रद्द करणारा महाराष्ट्राचा कायदा.

नंतरच्या कर्जमाफ्यांचा मार्ग वेगळा. २००८ च्या केंद्रीय माफीत पूर्ण सूट दोन हेक्टरांपर्यंतच्या धारकांना होती, त्यामुळे विदर्भातील कोरडवाहू पाच-सात एकरांचा पुष्कळसा कास्तकार तीतून वगळला गेला. आणि खासगी सावकाराचे देणे तर तिच्या कक्षेतच नव्हते. माफीने बाकी पुसली जाते, पण वसुलीची रीत तशीच राहते. म्हणून १८७९ चा कायदा, त्याच्या साऱ्या पळवाटांसह, मला आजच्या माफ्यांहून अधिक प्रगल्भ वाटतो. त्याने दयेऐवजी तपासणी मागितली.

त्या तपासणीचा वंश अद्याप अगदीच खुंटलेला नाही. बँकांच्या वसुली प्रतिनिधींनी सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर ऋणकोला दूरध्वनी करू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावले आहे. सिक्युरिटायझेशन कायद्याखाली बँकेला न्यायालयाविना घराचा ताबा घेता येतो, शेतजमिनीला मात्र तो लागू नाही. आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानुसार, सावकारीच्या व्यवहारात गेलेली जमीन, तिचे खरेदीखत झालेले असले तरी, अर्जाच्या मागील पंधरा वर्षांतील असल्यास, चौकशीअंती ते खत अवैध ठरवून मूळ मालकाला परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला आहे. तो अर्ज सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाच्या कचेरीत करावयाचा असतो.