आता तारीख नाही

कोर्ट बसून तास झालाय. तालुक्याच्या कोर्टातल्या मागच्या बाकावर मी बसलोय. पुढच्या बाकावर बावीस वर्षांचा एक मुलगा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पण नखांत ग्रीस तसंच. शेजारी टोपी मांडीवर घेऊन त्याचा चुलता. पोराला जामीन तोच आहे. सातबारा लावून दिलेला.

पट्टेवाला पुकारा करतो. मुलगा उठतो आणि सवयीनं आरोपीच्या पिंजऱ्याकडे वळतो. "तिकडं नको, इथं माझ्याजवळ थांब," परिवीक्षा अधिकारी मॅडम हळू आवाजात सांगतात.

मुलाला मुदतीआधी देखरेखीतून मोकळं करावं, असा अर्ज त्यांचा आहे. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८, कलम ८(३). दोन वर्षांपूर्वी या मुलानं शेजारच्या विहिरीवरची मोटार तांब्यासाठी चोरली होती. गुन्हा कबूल केला तेव्हा वय वीस. एकवीसच्या आतल्या मुलाला तुरुंगात धाडण्याआधी कोर्टानं अधिकाऱ्याचा अहवाल बघावा, असं हाच कायदा सांगतो. तो बघून कोर्टानं शिक्षा न सुनावता तीन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीचा बाँड घेतला. मोटारमालकाला भरपाई, दर महिन्याला हजेरी, दारू वर्ज्य, परवानगीशिवाय जिल्हा सोडायचा नाही. अट मोडली असती, तर कोर्ट त्याला मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावू शकलं असतं.

न्यायाधीश मॅडम अहवालाची पानं उलटतात. "भरपाई?"

"पूर्ण फिटली. मोटारमालकाला मी घरी जाऊन भेटले. त्यांची तक्रार उरलेली नाही."

"मग एक वर्ष आधी का सोडायचं?"

"ऊसतोडणीच्या मशीनवर तो हेल्पर होता, आता ऑपरेटर झालाय. दिवाळीनंतर मशीन कर्नाटकात जातंय. दर खेपेला परवानगीच्या अर्जात त्याचे दिवस बुडतात. आणि मॅडम, सांभाळावं असं आता माझ्याकडं काही उरलेलं नाही. तो स्वतःच सांभाळतोय."

सरकारी वकील अर्धवट उठतात. "हरकत नाही."

न्यायाधीश मॅडम मुलाकडे बघतात. "बाँडमधून मोकळं केलं, म्हणजे काय झालं कळलं का?"

तो आवंढा गिळतो. "आता तारीख नाही."

"बरोबर. पण पुन्हा असं काही केलंस, तर हा कागद तुला वाचवणार नाही."

"न्हाई करणार, मॅडम."

आदेश चार ओळींचा निघतो. त्याचा बाँड संपतो, चुलत्याचा जामीनही मोकळा होतो. म्हाताऱ्याला हे लगेच उमगत नाही. तो क्लार्कच्या टेबलाशी जाऊन विचारतो, "सायेब, माझा सातबारा?" क्लार्क मान डोलावतात. तो टोपी डोक्यावर घालतो आणि पुतण्याच्या पाठीवर हात ठेवतो. दोघं काही बोलत नाहीत.

व्हरांड्यात परिवीक्षा अधिकारी मॅडम आपल्या वहीत त्या नावापुढं आजची तारीख लिहितायत. महिन्यामागून महिना भरलेल्या त्या पानावर ही शेवटची नोंद. कलम १२ मुळे या गुन्ह्याची अपात्रता त्याला चिकटत नाही, हेही त्या मुलाला समजावून सांगतात. तो ऐकतो, पाया पडायला वाकतो. त्या मागं सरकतात. "उद्या कामावर जा," एवढंच म्हणतात.

बाकावरून उठताना माझ्या मनात एकच गोष्ट घोळते आहे. कायद्यानं हा अर्ज करण्याचा मार्ग परिवीक्षा अधिकाऱ्याच्या हाती दिला आहे. मुलगा कितीही सुधारला, तरी ते कोणीतरी डोळ्यांनी पाहून कागदावर मांडावं लागतं. म्हणून प्रत्येक परिवीक्षा अधिकाऱ्याला हात जोडून सांगणं आहे: आपली वही आज उघडा. ज्याला आता तुमची गरज उरलेली नाही, त्याच्यासाठी अर्ज लिहा. मुदत संपायची वाट पाहू नका.