आप्पासाहेब भोसले: परागंदा राजा आणि त्याच्याविषयी लिहिणारे हात

मेहकरचा इतिहास सांगताना एक वाक्य हमखास येते. नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांनी देवगावचा तह मोडला, म्हणून 1817 साली इंग्रजांचा जनरल डोव्हटन त्यांच्यावर चालून निघाला आणि वाटेत त्याचा तळ मेहकरला पडला. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरमध्ये हे असेच छापलेले आहे आणि तिथूनच ते पुढच्या लिखाणात उतरत गेले.

यातला तळ खरा आहे. जालन्याकडून नागपूरला जाणाऱ्या फौजेला पैनगंगेकाठचे मेहकर वाटेवरच पडते. घोटाळा आहे तो तहाचा. देवगावचा तह डिसेंबर 1803 मधला. आडगावच्या लढाईत इंग्रजांकडून हार झाली, गाविलगड पडला, त्यानंतर दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी तो केला. आप्पासाहेबांचा इंग्रजांशी तह झाला मे 1816 मध्ये. तैनाती फौज त्यांनी या दुसऱ्या तहाने पत्करली होती. 1817 चा वाद पेटला तो याच तहावरून. डोव्हटन भोसल्यांच्या मुलखात शिरून मेहकरला उतरला, ही समजूतही चुकीची आहे. देवगावच्या तहानेच वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून जाऊन निजामाकडे गेला होता. मेहकर तेव्हा निजामाचे होते.

यापेक्षा गंभीर गोष्ट खुनाच्या आरोपाची. आप्पासाहेबांनी गादीवर असलेल्या चुलतभाऊ परसोजीला मारून ती बळकावली, असे अनेक पुस्तके सिद्ध झाल्यासारखे लिहितात. 1 फेब्रुवारी 1817 रोजी परसोजी अंथरुणात मृतावस्थेत सापडले. आप्पासाहेब तेव्हा चांद्याला होते. कुजबुज लगेच सुरू झाली, तरी रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सने प्रकरण लावून धरले नाही. उलट आप्पासाहेबांनाच राजा मानले. नोव्हेंबरात आप्पासाहेबांनी इंग्रजांशी लढत असलेल्या पेशव्यांकडून सेनासाहेबसुभा हा किताब आणि वस्त्रे उघडपणे स्वीकारली. 26 आणि 27 तारखेला इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई झाली. 16 डिसेंबरला डोव्हटनने नागपूरबाहेर भोसल्यांची फौज मोडली. मार्च 1818 मध्ये आप्पासाहेबांना अटक झाली आणि तेव्हा कुठे खुनाचा आरोप पुढे आणला गेला.

पुरावे गोळा करणारा जेंकिन्स, अटक करणारा जेंकिन्स, त्यानंतर गादीवर बसवलेल्या बालराजाच्या नावाने राज्य चालवणाराही जेंकिन्सच. नागपूर राज्याविषयीचा जो अहवाल पुढच्या सगळ्यांनी आधाराला घेतला, तो 1827 चा अहवालही त्याचाच. आप्पासाहेबांवर खुला खटला कधी चाललाच नाही. ते निर्दोष होते असे यावरून ठरत नाही. गादीचा सरळ फायदा त्यांनाच होता. पण फिर्यादीच्याच लेखणीतून उतरलेल्या आरोपाला निकाल म्हणणे हा अन्याय आहे, असे मला ठामपणे वाटते. त्यांच्या बाजूने लिहिणारा दरबारी बखरकार पुढे आला असता, तर त्याचीही अशीच झाडाझडती घ्यायला हवी होती.

इंग्लंडच्या जुन्या इतिहासातही हा पेच आहे. नॉर्थंब्रियाचा एडविन परागंदा होऊन ईस्ट अँग्लियाचा राजा रेडवाल्डच्या आश्रयाला राहिला. ही कथा आपल्याला मुख्यतः कळते ती बीड या ख्रिस्ती साधूमुळे. त्याचा ग्रंथ 731 साली, म्हणजे घटनेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, पुरा झाला. पुढे ख्रिस्ती झालेल्या राजाकडे तो आपुलकीने पाहणारच. आप्पासाहेबांच्या वाट्याला शत्रूची लेखणी आली, एवढाच फरक.

इंग्रजांनी त्यांना हद्दपार केले, हेही तितकेसे बरोबर नाही. त्यांना अलाहाबादच्या किल्ल्यात कैदेत ठेवायचे ठरले होते. वाटेत, जबलपूरजवळच्या मुक्कामी, पहाऱ्यावरचे काही शिपाई फितवून ते मे 1818 मध्ये शिपायाच्याच वेशात निसटले. महादेवाच्या डोंगरात गोंड सरदारांनी त्यांना थारा दिला. पिंढाऱ्यांचा सरदार चितूही येऊन मिळाला. एप्रिल 1819 मध्ये त्यांचा पुढचा आसरा असलेला अशीरगड पडला आणि पुष्कळ पुस्तकांत आप्पासाहेबही तिथेच संपतात. प्रत्यक्षात ते त्यापुढे वीसहून अधिक वर्षे जगले. पंजाबात रणजितसिंहांच्या मुलखात गेले, हिमालयाच्या पायथ्याशी मंडीकडे राहिले, शेवटी जोधपूरला पोचले. त्यांना ताब्यात द्या, असा इंग्रजांचा तगादा होता, पण महाराजा मानसिंहांनी तो मानला नाही. 1840 मध्ये आप्पासाहेब जोधपुरातच वारले.

वऱ्हाडात मात्र ही बातमी सगळ्यांना पटली नसावी. 1849 मध्ये इथे एकाने स्वतःला आप्पासाहेब म्हणवून बंड उभारले आणि माणसे त्याच्यामागे गेली. निजामाच्या इंग्रजी अधिकाऱ्यांखालच्या फौजेने त्याला पकडले. या तोतयामुळे खरे आप्पासाहेब 1849 पर्यंत हयात होते, असे समजणारे अजून भेटतात. त्या वर्षाच्या नोंदी वाचताना नाव दिसले, तरी माणूस कोण हे आधी पाहावे लागते.