हाड, पेशी आणि निळा दिवा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पेशीच्या जनुकांत फेरफार करून तिच्यात प्रकाशाला प्रतिसाद देणारे प्रथिन बनवायचे आणि मग तिच्यातला एखादा संकेत दिव्याने सुरू किंवा बंद करायचा, या तंत्राला ऑप्टोजेनेटिक्स म्हणतात. हाड घडवणाऱ्या संकेतांवरही ते वापरले जाऊ लागले आहे. त्यावरून ‘उजेडाने हाडे वाढतात’ असा सोपा अर्थ काढला जातो. तो चुकीचा आहे.

पहिली गल्लत उन्हाशी होते. जालन्यातल्या मस्तगड भागात गच्चीवर दुपारचे ऊन घेतले, तर त्यातल्या सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांमुळे त्वचेत ड जीवनसत्त्व बनू लागते. यकृतात आणि मग मूत्रपिंडात ते सक्रिय होते आणि आतड्याला कॅल्शियम शोषायला मदत करते. ऊन स्वतः कातडीपाशीच थांबते, हाडापर्यंत पोहोचते ते कॅल्शियम.

ऑप्टोजेनेटिक्समधला प्रकाश पोषण करत नाही, तो फक्त कळ दाबतो. ही कळ कोणती, हे समजायला १९६५ सालाकडे जावे लागते. त्या वर्षी मार्शल युरिस्ट यांनी खनिजे काढून टाकलेले हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवले, आणि तिथे नवे हाड तयार झाले. त्यामागच्या प्रथिनांना पुढे बीएमपी हे नाव मिळाले. बीएमपी पेशीच्या पृष्ठभागावरच्या दोन प्रकारच्या ग्राहींना एकत्र आणते. ते जवळ आले की आतल्या स्मॅड प्रथिनांवर फॉस्फेट चढते, ही प्रथिने केंद्रकात शिरतात आणि ठरावीक जनुके जागी होतात. योग्य परिस्थितीत अशा पेशी ऑस्टिओब्लास्ट, म्हणजे हाड रचणाऱ्या पेशी, बनू शकतात.

मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये बीएमपीचे हे काम निळ्या प्रकाशाकडून करवून घेतले. दिवा लागताच मानवी पेशींतले स्मॅड १ आणि ५ केंद्रकात गेले, आयडी२ व आयडी४ ही जनुके अधिक सक्रिय झाली आणि प्रकाश कमी-जास्त करून संकेताची तीव्रता बदलता आली. अशा प्रयोगांच्या बातम्यांत नेमके निसटते ते हे, की यातून हाड बनल्याचे दाखवलेले नव्हते. चालली ती कळ.

‘जास्त प्रकाश, जास्त हाड’ हेही खरे नाही. बीएमपीच्या वाजवीपेक्षा जास्त प्रमाणामुळे नको त्या जागी हाड उगवू शकते. उपचारासाठी बीएमपी-२ वापरताना हा धोका दिसलेला आहे. प्रकाशाचे मोल वेळेच्या आणि जागेच्या नेमकेपणात आहे. औषध ओतले की ते परत काढणे अवघड, दिवा मात्र मालवता येतो.

दवाखान्यातल्या लाल किंवा अवरक्त किरणांच्या लेझर उपचारालाही कधी कधी या तंत्राचे नाव चिकटवले जाते. त्यात जनुकबदल नसतो, त्यामुळे ते ऑप्टोजेनेटिक्स नव्हे.

मोडलेल्या हाडावर हे तंत्र मान्यताप्राप्त उपचार म्हणून आज उपलब्ध नाही. रुग्णाच्या पेशींत नवे जनुक सुरक्षितपणे पोहोचवावे लागेल. शिवाय निळा प्रकाश ऊतींत जेमतेम मिलिमीटरभर शिरतो, आणि मांडीचे हाड स्नायूंच्या जाड थराखाली असते. प्रयोगशाळेतल्या बशीत पेशींचा पातळ थर असतो, म्हणून तिथे ही अडचण येत नाही, आणि महागड्या बीएमपीऐवजी दिव्यावर काम भागवता येते.