तास, एमबी आणि रोजचा जीबी: इंटरनेटविषयीच्या लोकमताचा मागोवा

इंटरनेट आणि त्यावरील खेळ यांविषयी सर्वसामान्य ग्राहकाचे मत त्या तंत्राच्या गुणदोषांपेक्षा त्याचे बिल कोणत्या मापाने आकारले जाते यावरून अधिक घडत गेले, असे महाराष्ट्रातील गेल्या तीस वर्षांकडे पाहता म्हणावे लागते. माप बदलले की काटकसरीची व्याख्या बदलली, घरातील तक्रारी बदलल्या आणि कालपर्यंत चैन वाटणारी गोष्ट आज हक्काची वाटू लागली.

विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने, जिचे मुख्यालय मुंबईत होते, 15 ऑगस्ट 1995 रोजी देशात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. ही जोडणी डायल-अप पद्धतीची होती, म्हणजे घरातील दूरध्वनीच्या तारेवरूनच संगणक कंपनीच्या यंत्रणेला फोन लावत असे आणि जोडणी चालू असेपर्यंत तो दूरध्वनी इतरांसाठी ‘एंगेज’ राहत असे. शुल्क तासांवर होते. वर्षाला काही हजार रुपये भरून ठरावीक तास मिळत आणि त्यावर दूरध्वनीचे बिल वेगळे येई. त्यामुळे या काळातील घरगुती मत इंटरनेट चांगले की वाईट असे नव्हतेच, तर फोन किती वेळ अडकून पडला आणि त्या वेळात कोणाचा महत्त्वाचा फोन आला असेल, एवढ्यापुरते ते मर्यादित होते. पत्र आधी लिहून ठेवायचे, मग जोडणी करायची, पाठवायचे आणि लगेच तोडायची, ही सवय या मापाचीच देणगी होती.

खासगी कंपन्यांना 1998 च्या अखेरीस इंटरनेट सेवा देण्याची मुभा मिळाली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत सायबर कॅफे गल्लोगल्ली उघडले. तासाचे माप इथेही कायम राहिले, मात्र आता तास वर्षाच्या वर्गणीतून नव्हे, तर खिशातील सुट्या पैशांतून विकत घेतला जाऊ लागला. दहावी-बारावीचे निकाल पाहण्यासाठी याच कॅफेंपुढे रांगा लागत, आणि दुपारनंतर तिथेच एका जाळ्यात जोडलेल्या संगणकांवर मुले ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळत. कॅफेविषयीचे मत त्यामुळे दुभंगलेले होते: निकालाच्या दिवशी ती ज्ञानाची खिडकी असे आणि एरवी मुले बिघडण्याची जागा. या दुसऱ्या मताचा ठसा पुढे थेट कायद्यात उमटला. केंद्र सरकारच्या 2011 च्या सायबर कॅफेविषयक नियमांनी ओळखपत्र तर बंधनकारक केलेच, शिवाय दोन संगणकांमधील आडोशाची उंची साडेचार फुटांहून अधिक असू नये असेही लिहून ठेवले. पालकांची शंका इतक्या नेमक्या मापात क्वचितच कुठे नोंदली गेली असेल. अर्थात नियम येईपर्यंत बरेचसे कुतूहल कॅफेतून मोबाइलमध्ये सरकू लागले होते.

दुसरे माप एमबीचे, म्हणजे किती वेळ नव्हे तर किती मजकूर, चित्रे व ध्वनी उतरवून घेतले याचे. सरकारच्या 2004 च्या धोरणाने सेकंदाला 256 किलोबिट एवढ्या वेगाला ‘ब्रॉडबँड’ म्हणायचे ठरवले आणि 2005 पासून भारत संचार निगमची ‘डेटावन’ जोडणी मध्यमवर्गीय घरांत पोहोचू लागली. दूरध्वनी मोकळा राहू लागला, पण महिन्याचा कोटा, म्हणजे ठरलेल्या रकमेत मिळणारा वापर, संपला की पुढच्या प्रत्येक एमबीचे पैसे वेगळे पडत. या योजनांतील काहींमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ या वेळेतील वापर मोजला जात नसे, आणि या एका सवलतीने एका पिढीची दिनचर्या बदलली. चित्रपट, गाणी आणि खेळांच्या फायली रात्री उतरवण्यासाठी संगणक लावून ठेवायचा, उतरवण्याचे काम दोनला सुरू होऊन आठच्या आत थांबेल अशी आज्ञा त्याला द्यायची, आणि घड्याळ पुढे-मागे असल्यामुळे कोटा ओलांडला गेला तर महिनाअखेर घरच्यांची बोलणी खायची, असा तो क्रम होता. सरकारी सेवेला नावे ठेवणे हा त्या काळातील सार्वत्रिक छंद होता. परंतु या रात्रींचा हिशेब कोणी केला तर तिच्या जमेच्या बाजूला बरेच काही निघेल.

मोबाइलवरही हेच माप आले. येणाऱ्या फोनचे पैसे 2003 च्या मे महिन्यात बंद झाले होते आणि 2009 मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा असा दर आणून मिनिटाचे माप मोडले होते. त्यामुळे बोलण्याची धास्ती ओसरली, तरी ‘नेट चालू राहिले तर बॅलन्स जाईल’ ही नवी धास्ती तिच्या जागी बसली. काम झाले की डेटा बंद करणे हा तेव्हाचा व्यवहारी शहाणपणा होता.

या काळाच्या अखेरीस लोकमताने एकदाच, पण ठळकपणे, गप्पांची पातळी ओलांडली. इंटरनेटवरील सर्व मजकुराला सारखेच वागवले जावे, एखादे संकेतस्थळ फुकट आणि दुसरे महाग असा भेद सेवा कंपनीने करू नये, या तत्त्वाला ‘नेट न्यूट्रॅलिटी’ म्हणतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, मार्च 2015 मध्ये याविषयी मते मागवली तेव्हा दहा लाखांहून अधिक ईमेल त्याच्याकडे गेले, आणि 8 फेब्रुवारी 2016 रोजी मजकुरानुसार वेगळे दर आकारण्यावर बंदी आली. फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ ही निवडक संकेतस्थळे फुकट देणारी योजना त्यामुळे भारतात गुंडाळावी लागली. एरवी दुकानात रिचार्ज करताना पुटपुटली जाणारी नाराजी नियमाच्या भाषेत उतरल्याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे सापडत नाही.

त्याच वर्षी 5 सप्टेंबरला जिओची सेवा सुरू झाली आणि तिसरे माप आले. तोपर्यंत एका जीबीला साधारण अडीचशे रुपये मोजणाऱ्या ग्राहकाला मार्च 2017 अखेरपर्यंत फुकट आणि त्यानंतर दिवसाला एक जीबी या हिशेबाने डेटा मिळू लागला. स्वस्ताईची चर्चा पुष्कळ झाली. मापाची मात्र व्हायला हवी होती तितकी झाली नाही. महिन्याचा कोटा वाचवता येत असे, रोजचा कोटा मध्यरात्री संपुष्टात येतो. जे उरवून उद्याला उपयोगी पडत नाही ते वापरून टाकणे हाच शहाणपणा ठरतो, आणि त्यामुळे डेटा बंद ठेवणारी तीच माणसे रात्री अकराला उरलेला डेटा संपवण्यासाठी व्हिडिओ पाहू लागली. लोकांचा स्वभाव बदलला असे म्हणण्यापेक्षा त्यांचा हिशेब पूर्वीइतकाच पक्का राहिला आणि फक्त त्याची दिशा उलटली, असे म्हणणे अधिक रास्त ठरेल.

खेळांविषयीचे मत याच वळणावर पैशाकडून वेळेकडे सरकले. ‘पब्जी मोबाइल’ 2018 मध्ये आला तेव्हा पालकांची तक्रार खर्चाची नव्हती, कारण डेटा आधीच भरलेला होता. ती डोळ्यांची, अभ्यासाची आणि जागरणाची होती. खेळणाऱ्यांची तक्रार वेगळीच होती, ‘पिंग’ची, म्हणजे बोटाची हालचाल दूरच्या यंत्रणेपर्यंत जाऊन परत येण्यास लागणाऱ्या वेळेची, तो वाढला की खेळाडू कितीही तरबेज असला तरी मारला जातो. घरातील दोन्ही पक्ष वेळेविषयीच बोलत होते, पण एक तासांत आणि दुसरा सेकंदाच्या हजाराव्या भागात. सरकारने 2 सप्टेंबर 2020 रोजी चिनी संबंध असलेल्या 118 अ‍ॅपवर, त्यांत या खेळावरही, बंदी घातली ती सुरक्षेच्या कारणाने, पालकांच्या आग्रहाने नव्हे. जुलै 2021 मध्ये तो ‘बीजीएमआय’ या नावाने परतला, वर्षभराने पुन्हा हटवला गेला आणि मे 2023 मध्ये पुन्हा आला.

ज्या खेळांत माप थेट रुपयाचेच होते त्यांची गोष्ट निराळी. मुंबईत मुख्यालय असलेल्या ‘ड्रीम11’ला 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात कौशल्याचा खेळ म्हणून मान्यता मिळाली होती, ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने मात्र कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला सारून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या सर्व ऑनलाइन खेळांना मनाई केली. कायद्याने इतका जुना वाद एका फटक्यात निकालात काढला, तरी त्या खेळांत पैसे घालवलेल्या घरांमध्ये तो बराच आधी निकालात निघाला होता.

आजची तक्रार पुन्हा मापाचीच आहे. बहुतेक रिचार्ज 28 दिवसांचे असल्याने वर्षात बाराऐवजी तेरा करावे लागतात, या नाराजीची दखल घेऊन ट्रायने 2022 मध्ये प्रत्येक कंपनीने महिनाभराची किमान एक योजना ठेवावी असा आदेश काढला. जुलै 2024 मध्ये दर वाढले तेव्हा भारत संचार निगमकडे वळण्याची लाट आली, आणि ज्यांना फक्त फोन घ्यायचा-करायचा आहे त्या वृद्धांनी व साध्या फोनच्या ग्राहकांनी डेटाचे पैसे का भरावेत, हा प्रश्न उघडपणे विचारला जाऊ लागला. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने केवळ बोलणे आणि एसएमएस यांच्यासाठी वेगळी योजना देणे कंपन्यांना बंधनकारक केले व अशा रिचार्जची मुदत 365 दिवसांपर्यंत वाढवता येईल असे ठरवले. त्यांचे दर काय असावेत हे मात्र नियमात ठरवलेले नाही. ते कंपन्यांवर सोडलेले आहे.