करंडीतल्या नागाचे तोंड

पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. अंबडच्या बाजूला एका खेड्यात मी आठवड्यातून दोन दिवस दवाखाना चालवीत असे. श्रावणातल्या एका दुपारी एक वृद्ध गारुडी स्वतःचा खोकला दाखवायला आला. तपासणी झाली, औषधे दिली, तरी तो उठेना. शेवटी काखेतली करंडी बाकावर ठेवून म्हणाला, “डाक्टरसाहेब, माझं झालं. आता ह्या लेकराच्या तोंडाला कायतरी द्या.”

झाकण उघडले तेव्हा नागाने फणा काढला नाही. त्याचे तोंड पुरते मिटत नव्हते. ओठाच्या कडेने घट्ट, तार येणारी लाळ लोंबत होती आणि हिरड्यांवर खव्याच्या कणांसारखे पिवळट थर बसले होते. मी वयाने लहान होतो आणि नाही म्हणण्याचा धीर नव्हता. माणसांसाठी असलेले गुळण्यांचे औषध दिले, प्रतिजैविकाची एक गोळी कुटून पाण्यातून पाजायला सांगितली. पुढच्या खेपेला म्हातारा रिकाम्या हाताने आला. नाग आठ दिवसांत गेला होता.

त्या आजाराला पशुवैद्यक ‘स्टोमॅटायटिस’ म्हणतात. आपल्याकडे आयुर्वेदात ‘मुखपाक’ हा जवळचा शब्द आहे. सापाच्या तोंडात एरवीही जंतू असतातच. स्यूडोमोनास, एरोमोनास, क्लेब्सिएला अशी त्यांची नावे. साप धडधाकट असेपर्यंत ते गुपचूप राहतात. साप उपाशी राहिला, थंडीत वा ओलीत कोंडला गेला, टोपलीला तोंड घासून जखमी झाला, की तेच जंतू हिरड्यांत शिरतात. प्रथम टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात, मग सूज, मग तो खव्यासारखा थर. माणसाच्या गळवातला पू वाहतो, सापाचा वाहत नाही. पू पातळ करणारी यंत्रणा त्याच्या पेशींत जवळपास नसल्याने तो घट्ट गोळा होऊन बसतो. म्हणूनच नुसत्या गुळण्यांच्या औषधाने तो निघत नाही. पुढे जंतू जबड्याच्या हाडात उतरतात. सापाची श्वासनलिका तोंडाच्या तळाशी अगदी पुढे उघडते, त्यामुळे फुप्फुसही फार दूर नसते.

परंतु करंडीतल्या नागाच्या बाबतीत या आजाराचे मूळ बहुधा थंडी किंवा ओल नसते. त्याचे विषदंत पकडीने उपटलेले असतात. गारुड्यांकडून सोडवून आणलेल्या काही नागांच्या विषग्रंथींना डागण्या दिलेल्या आढळतात, काहींचे तोंड जिभेपुरती फट ठेवून दोऱ्याने शिवलेले असते. ही उघडी जखम घेऊन तो नाग आपल्या दारात येतो आणि आपण त्याच्या तोंडाला दुधाची वाटी लावतो.

साप दूध पीत नाही, ते त्याला पचतही नाही. सणापूर्वी कित्येक दिवस त्याला तहानलेला ठेवलेला असतो, म्हणून तो मिळेल त्या द्रवात तोंड घालतो. यातले काही दूध श्वासनलिकेत जाते. घरी अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. आडव्या निजलेल्या आजोबांना चमच्याने दूध पाजले, की ठसका लागतो. तोंड अस्वच्छ असेल तर त्याच घोटाबरोबर जंतू फुप्फुसात जातात आणि दोन दिवसांत ताप चढतो. म्हणून आम्ही डॉक्टर मंडळी पाठीला उशा लावून बसवा, कवळी रात्री काढून धुवा, तोंड दोन वेळा पुसा, असे सारखे सांगत असतो. माणसाला निदान ठसका तरी लागतो. सापाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, त्यामुळे जोराने खोकून काही बाहेर टाकणे त्याला जमत नाही. तोंड उघडे टाकून, मान उंच धरून तो श्वास घेऊ लागतो, आणि पाहणाऱ्यांना वाटते, नागोबा डोलतो आहे.

उपचार आहेत, मात्र ते वन्यप्राण्यांच्या पशुवैद्यकाने करायचे. साप बेशुद्ध करून तोंडातले मेलेले थर हलक्या हाताने काढावे लागतात, पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीनने किंवा क्लोरहेक्सिडिनने जखम धुवावी लागते. हाड किडले आहे का, हे क्ष-किरणाने पाहतात. कोणते प्रतिजैविक लागू पडेल, हे तोंडातला नमुना तपासून ठरते. एक बाब मला स्वतःला फार नवलाची वाटली. सेफ्टाझिडिम हे इंजेक्शन माणसाला साधारण दर ८ तासांनी द्यावे लागते, सापाला मात्र ७२ तासांतून एकदा पुरते, इतकी त्याची शरीरक्रिया संथ. इंजेक्शन देतात तेही शरीराच्या पुढच्या भागात, कारण शेपटीकडचे रक्त आधी मूत्रपिंडाकडे वळते. शिवाय सापाला योग्य ऊब मिळाली नाही, तर त्याची प्रतिकारशक्ती जागीच होत नाही आणि कोणतेही औषध नीट लागू पडत नाही. हे सारे कित्येक आठवडे चालते. मी कुटून दिलेली गोळी त्या संथ पोटात कुठे विरली असेल, कोण जाणे. घरच्या घरी हळद, मध, तुरटी किंवा पातळ न केलेले जंतुनाशक तोंडात ओतणाऱ्यांची चूक माझ्याच जातीची आहे.

आता वाचकांच्या स्वतःच्या प्रकृतीविषयी. ‘दात काढलेला’ नाग निर्धोक असतो, या समजुतीवर वडीलधारी मंडळी त्याच्या फण्याला हळदकुंकू लावतात. सापाच्या प्रत्येक विषदंतामागे बदली दातांची रांग तयार असते. उपटलेल्या दाताच्या जागी काही आठवड्यांत नवा येतो, आणि विषग्रंथी शाबूत असेल तर विषही येते. दंश झालाच तर करकचून दोरी बांधू नये, चिरा देऊ नये, तोंडाने ओढू नये. तो हात वा पाय हलू न देता, अंगठी-बांगड्या काढून १०८ ला फोन करावा आणि प्रतिसर्पविष असलेले सरकारी रुग्णालय गाठावे. आपल्या जिल्ह्यातील देहेड या गावी जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडसारख्या ठिकाणी राहून विंचूदंश आणि सर्पदंश यांवर आयुष्य वेचले. वेळेवर आलेला रुग्ण वाचतो, हे त्यांनी खेड्यातच दाखवून दिले.

दंशाखेरीज दुसरा धोका साल्मोनेला जंतूंचा. साप, कासव, सरडे यांच्या आतड्यांत ते असतात आणि त्यांच्या त्वचेवरही येतात. तरण्याताठ्यांना साधारण चार ते सात दिवस जुलाब होतील. पासष्टीपुढच्या व्यक्तीला, मधुमेह्याला, कर्करोगाचे उपचार घेणाऱ्याला किंवा पाच वर्षांखालच्या नातवाला तेच जंतू रक्तात उतरून रुग्णालयात नेऊ शकतात. स्पर्श झालाच तर साबणाने हात धुतल्यावाचून तोंडाला वा अन्नाला लावू नयेत.

शहरांतून हल्ली नातवंडे परदेशी ‘बॉल पायथन’ पाळतात, असे ऐकू येते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशी सापांना पाळण्यास मनाई आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्रजातींचीही सरकारकडे नोंदणी बंधनकारक झाली. नोंदणी असो वा नसो, त्या सापाने खाणे सोडले, लाळ गळू लागली, तर वाट पाहू नये, सरीसृपांची माहिती असलेला पशुवैद्यक शोधावा. आणि ज्या घरात आजीआजोबा आजारी आहेत, तेथे तो पिंजरा स्वयंपाकघरापासून दूर हवा. माझे मत विचाराल तर घरातच नको.

सांगलीजवळच्या बत्तीस शिराळ्यात जिवंत नागांची पूजा पिढ्यान्‌पिढ्या होत असे. उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर ती थांबली, पण सण थांबला नाही. आपल्या मराठवाड्यात तर पाटावर गंधाने नाग काढून लाह्या आणि दूध ठेवण्याची रीत जुनीच आहे. त्या दिवशी आपण चिरत नाही, तळत नाही, जमीन खणत नाही, पुरणाची दिंडे उकडून करतो, ती कुणाला इजा होऊ नये म्हणूनच. ज्या घरात विळीसुद्धा उचलली जात नाही, तेथे दात उपटलेल्या नागाला पाचाची नोट मिळते, याचे कोडे मला अजून सुटलेले नाही.

दारात करंडी आलीच, तर त्या माणसावर ओरडू नये. तोही बहुधा भुकेलाच असतो. त्याला भाकरी द्यावी, करंडी उघडायला लावू नये, आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. नाग वेळेत हाती लागला, तर पशुवैद्यक त्याचे तोंड बरे करू शकतात आणि जबडा शाबूत असेल तर तो पुन्हा रानात सोडलाही जातो. माझ्या त्या वृद्ध रुग्णाचा खोकला पुढे क्षयाचा निघाला. औषधांनी तो बरा झाला, आणि नंतर बाजारात शेंगा विकताना मला दोनतीनदा भेटला. करंडी होती तीच. तीत शेंगा होत्या.