दावणीपलीकडचा हिशेब : प्राण्यांचे निवारे आणि सेवकांचे आरोग्य

गावाच्या वेशीबाहेर किंवा शहराच्या टोकाला, पत्र्याच्या छपराखाली चालणारी एखादी गोशाळा, एखादे पांजरपोळ किंवा जखमी कुत्र्या-मांजरांचा निवारा आपण पाहिला असेल. मुलांच्या वाढदिवशी, वडीलधाऱ्यांच्या स्मृतिदिनी किंवा संक्रांतीला तेथे जाऊन चारा घालणारी कुटुंबेही थोडी नाहीत. परंतु वर्षाच्या उरलेल्या दिवसांत तेथे काय चालते, दाता फिरकत नाही तेव्हा दावणीत काय पडते आणि ते टाकणाऱ्या माणसाला रात्री झोप लागते का, हे प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाहीत. ते आज विचारून पाहू या. कारण हा विषय जितका मुक्या जिवांचा, तितकाच माणसांच्या आरोग्याचाही आहे.

रामेश्वरासाठी आणलेल्या गंगाजलाची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती करणारे एकनाथ महाराज आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहेत. त्या एका कृतीत करुणा परिपूर्ण झाली. संस्थेला मात्र ती कावड रोज भरावी लागते. भूतदयेचा क्षण आणि भूतदयेची संस्था यांतील अंतर नेमके एवढेच आहे, आणि कठीण काळात तेच जीवघेणे ठरते.

दोनशे वर्षांपूर्वीचे शहाणपण

मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून १८३२ साली मुंबईत मोठा क्षोभ उसळला. पारशी समाज त्यात अग्रभागी होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि शहरातील व्यापारी यांच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरपोळ उभे राहिले. एकरकमी देणग्या तर मिळाल्याच. पण व्यापाऱ्यांनी आपापल्या मालाच्या उलाढालीवर स्वेच्छेने लहानशी लागही बसवून घेतली. व्यापार चालू, तोवर दावण चालू, अशी ती व्यवस्था होती. आजही संकटातून तरून जाणाऱ्या संस्थांकडे पाहिले, तर त्यांच्यामागे बहुधा असाच लहान पण अखंड वाहणारा झरा आढळतो. मोठी देणगी छप्पर बांधते. रोजचा चारा मात्र दरमहा येणाऱ्या छोट्या रकमांवरच येतो.

याचे कारण साध्या गणितात आहे. प्रौढ गाईला आपल्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीन टक्के कोरडा आहार रोज लागतो. साडेतीनशे-चारशे किलोच्या गाईसाठी हा आहार दहा किलोच्या आसपास जातो. शंभर जनावरे असतील तर दिवसाला जवळजवळ एक टन चारा आणि चार-पाच हजार लिटर पाणी हवे. या खर्चाला रविवारची सुटी नाही आणि त्यात काटकसरीलाही फारसा वाव नाही.

संकटे एकेकटी येत नाहीत

पाऊस रुसला की कडब्याचा भाव चढतो. त्याच वेळी शेतकऱ्याला घरची जनावरे सांभाळणे अशक्य होते आणि ती संस्थेच्या दारात येतात. ज्यांच्या देणगीवर संस्था चालते, त्यांचेही हात त्याच सुमारास आखडलेले असतात. खर्च वाढणे, आवक आटणे आणि आश्रितांची संख्या फुगणे या तिन्ही गोष्टी एकाच कारणाने आणि एकाच वेळी घडतात. २०२० च्या टाळेबंदीत हेच वेगळ्या रूपात दिसले. हॉटेले आणि खाणावळी बंद झाल्या, त्यांच्या उरल्यासुरल्या अन्नावर जगणारी रस्त्यावरची कुत्री उपाशी पडली आणि मदतीला जाणाऱ्या स्वयंसेवकांना घराबाहेर पडणेही अवघड झाले.

२०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाने राज्यातील गोठे हादरले. माश्या, डास आणि गोचीड यांच्यामार्फत पसरणारा हा विषाणू माणसाला बाधत नाही. तरीही दुधाविषयी अफवा पसरल्याच. त्या काळाने एक धडा पुन्हा अधोरेखित केला : नव्याने आलेले जनावर काही दिवस वेगळे ठेवण्याइतकी जागा नसेल, तर दया हीच रोगाची वाहक बनते. म्हणून आपल्या क्षमतेची मर्यादा आधीच ठरवणे आणि ती ओलांडण्याची वेळ आली की नम्रपणे नकार देणे, हे कठोरपणाचे लक्षण नव्हे. दाटीवाटीने कोंबलेल्या दीडशे जनावरांपेक्षा नीट सांभाळलेली शंभर जनावरे अधिक सुरक्षित असतात.

परंतु हा नकार कोणाला तरी तोंडाने द्यावा लागतो. दारात टेम्पो उभा असतो, आत पाय मोडलेले वासरू असते, आणणारा हात जोडत असतो. ‘जागा नाही’ असे सांगणारी व्यक्ती तो प्रसंग रात्री घरी घेऊन जाते.

करुणेचा थकवा

इतरांच्या वेदना दिवसेंदिवस पाहणाऱ्यांना येणाऱ्या या अवस्थेला मानसशास्त्रात करुणेचा थकवा म्हणतात. परिचारिका, डॉक्टर, घरातील रुग्णाची दीर्घकाळ शुश्रूषा करणारे नातेवाईक आणि पशुसेवक या सर्वांमध्ये तो आढळतो. झोप मोडणे, क्षुल्लक कारणावरून चिडचिड होणे, पूर्वी डोळ्यांत पाणी आणणाऱ्या दृश्याने आता काहीच न वाटणे, सुटी घेतली की अपराधी वाटणे, ही त्याची परिचित लक्षणे होत. आपल्या घरातील कोणी अशा सेवेत असेल आणि त्यांच्यात ही लक्षणे दिसत असतील, तर ‘एवढे मनाला कशाला लावून घेता’ असे म्हणू नका. त्यांचे ऐकून घ्या. आठवड्यातून एक दिवस त्यांनी तेथे जाऊच नये, याचा आग्रह धरा. लक्षणे टिकून राहिली तर समुपदेशकाकडे न्या.

संस्थेनेही काही पथ्ये पाळावीत. असाध्य वेदनेत असलेल्या प्राण्याविषयीचा निर्णय एकट्या सेवकावर न सोपवता पशुवैद्य आणि विश्वस्त यांनी मिळून घ्यावा. कामाच्या पाळ्या लावाव्यात. एखादा प्राणी दगावला, तर त्याविषयी बोलण्यासाठी सर्वांनी थोडा वेळ एकत्र बसावे. निदान तीन महिन्यांच्या चाऱ्याची आणि पगारांची तजवीज असणे हादेखील मनःस्वास्थ्याचाच भाग आहे. उद्याच्या दावणीची धास्ती नसेल, तर सेवकाला आज शांतपणे काम करता येते.

शरीराची काळजीही तितकीच महत्त्वाची. कुत्र्या-मांजरांमध्ये काम करणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याने रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घ्यावी. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी व लगेच डॉक्टर गाठावा. आधी लस घेतलेली असली, तरी त्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा मात्रा घ्याव्या लागतात. गाभडलेल्या गाईचा वार उघड्या हातांनी उचलू नये, कारण त्यातून ब्रुसेलोसिसची बाधा होऊ शकते. पावसाळ्यात चिखलात उतरताना गमबूट घालावेत; लेप्टोस्पायरोसिसचा धोका पायांच्या भेगांतूनच आत शिरतो.

आपण काय करू शकता?

पहिली गोष्ट, नेण्यापूर्वी विचारा. लग्नातला उरलेला भात, पोळ्यांची चळत किंवा भरमसाट गूळ गाईंपुढे ओतणे हे पुण्य वाटते. प्रत्यक्षात असे अन्न एकदम पोटात गेल्याने आम्ल वाढून जनावर दगावू शकते. त्या दिवशी संस्थेला कदाचित कडब्याची नव्हे, सलाईनच्या बाटल्यांची गरज असेल. दुसरी गोष्ट, वर्षातून एकदा मोठी रक्कम देण्याऐवजी दरमहा झेपेल तेवढी थोडी द्या आणि ती चुकवू नका. पावती मागा, ताळेबंद पाहा. चांगल्या संस्थेला अशा प्रश्नांचा राग येत नाही. तिसरी गोष्ट, पैसा नसेल तर वेळ द्या. हिशेब लिहिणे, औषधांची नोंद ठेवणे, दत्तक गेलेल्या पिल्लाची दूरध्वनीवरून विचारपूस करणे, ही कामे करायला कोणी मिळत नाही. जखमी वन्यप्राणी दिसला, तर त्याला घरी आणू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

चौथी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्मीळ आहे. पुढच्या वेळी मुलांना घेऊन तेथे जाल, तेव्हा वासराला कुरवाळून झाल्यावर शेण काढणाऱ्या माणसापाशी दोन मिनिटे थांबा. त्याला ‘जेवलात का?’ एवढेच विचारा. मुले ते पाहतील. मुक्या जिवांवरील दया त्यांची काळजी घेणाऱ्या माणसापर्यंतही पोहोचायला हवी, हे त्यांना वेगळे शिकवावे लागणार नाही.